आपांनी देवाला सांगितलेला पासवर्ड

आमच्या आपांना संगणकावर बसलेलं तुम्ही पाहिलं असतंत, तर माझ्यासारखेच दचकला असतात. माणूस वाफारा घ्यायला बसतो तसे ते बसत. डोक्यावरून पंचा, पंचाची दोन टोकं कीबोर्डच्या दोन बाजूंनी खाली सोडलेली, आणि आत आपा. आतून फक्त एका बोटाचं टक् टक् ऐकू यायचं. मग पंचा झटकून खांद्यावर जायचा आणि लाल झालेला चेहरा बाहेर यायचा. एवढा सगळा खटाटोप ई-मेलचा पासवर्ड टाकण्यासाठी.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी हबकलेच. झेरॉक्स काढायला आलेल्या एका बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला दम लागला. त्या बिचाऱ्या माझ्या माठातलं पाणी घेऊन धावल्या. आपांनी पंचातून एक हात बाहेर काढला, तांब्या आत नेला, पाणी प्यायले, रिकामा तांब्या बाहेर दिला आणि पुन्हा टक् टक् सुरू. आयतं आलेलं पाणी परत कोण पाठवतं?

मी म्हटलं, आपा, मी काही तुमचा पासवर्ड बघणार नाही हो. तर म्हणाले, "तू बघूचंस नाय गो मंगल, माका ठावक आसा. पण नजर ती. खंय जायत ती जायत."

मालवणच्या बाजारात माझं दुकान. आधी नुसतं एसटीडी आणि झेरॉक्सचं होतं, मग दोन हजार चारच्या सुमाराला मी कर्ज न काढता, नवऱ्याशी भांडून, दोन संगणक घेतले आणि इंटरनेट सुरू केलं. आपा माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक चिऱ्याचा गडगा, तोही छातीएवढाच. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं, काय बोललं जातं आणि काय वाचवलं जातं, हे मला न विचारता कळायचं. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर तिथल्या दोन गोष्टी त्यांच्याजवळ राहिल्या. एक मोत्यासारखं अक्षर. दुसरी, कोणत्याही सरकारी वाटणाऱ्या वस्तूशी शुद्ध मराठीत बोलायची सवय. माझ्याशी, काकींशी म्हणजे त्यांच्या बायकोशी, मासेवालीशी मालवणी; पण संगणकासमोर बसले की, "कृपया थोडं लवकर उघडावं," असं त्या पडद्याला सांगत. मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. अजिबात नाही.

"वाया जाऊक नको." हे आपांचं वाक्य. दिवसातून वीस वेळा तरी गडग्यापलीकडून यायचं.

आता आमसुलाचंच घ्या. आमच्याकडे आमसुलं म्हणजे सोलं घरोघर वापरतात आणि वापरून टाकून देतात. आपांच्या घरी सोलाला बरेच जन्म घ्यावे लागत. पहिल्या जन्मी ते भिजून सोलकढीत पिळलं जाई. पिळलेलं सोल दुसऱ्या जन्मी डाळीच्या आमटीत. आमटीतून निवडून काढलं की तिसऱ्या जन्मी न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याला घासायला. हंडा लखलखला की उरलेला चोथा अळवाच्या मुळाशी. काकी एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात सोलाक मोक्ष नाय गो." काकी कमी बोलायच्या, पण बोलल्या की असं बोलायच्या.

मासे धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना. हे मीही करते, त्यात काही नवल नाही. पण त्यांच्या घरात मी पहिल्यांदा दिवेलागणीला गेले आणि वर पाहिलं. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत, वरच्या बाजूला, एक चौकोनी भोक. त्या भोकात एक दिवा. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. मी म्हटलं, आपा, हे काय? तर मोठ्या अभिमानाने म्हणाले, दिव्याला काय ठाऊक आपण किती खोल्यांत आहोत ते.

घरात टीव्ही होता, प्रकाशने म्हणजे त्यांच्या मुलाने पाठवलेला. त्याच्यावर काकींनी विणलेलं कापड घालून तो देवासारखा झाकून ठेवला होता. बातम्या आपा माझ्या टीव्हीवर ऐकत. गडग्याला टेकून. "मंगल, जरा मोठ्यान लाव गो, हवामान इला." बातम्या ऐकायच्याच असतात, बघायच्या कशाला, वाचणारा माणूस तर तोच असतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी मध्येच मालिका लावली, तर पलीकडून खाकरून निषेध नोंदवला. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर! आणि त्या वर्षांत रोज चार-चार, पाच-पाच तास वीज जायला लागली तेव्हा अख्खं मालवण शिव्या घालत होतं. आपा खूश. "बघलंस? सरकाराक पण शेवटी माझाच पटला." वर्तमानपत्रात आलेलं भारनियमनाचं वेळापत्रक त्यांनी न्हाव्याच्या दुकानातून मागून आणलं आणि दिनदर्शिकेशेजारी चिकटवलं.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. काकींची दया यायची. पण माणूस कोणाचा एक पैसा लुबाडणारा नव्हता. माझ्या दुकानाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा स्वतः शिडी घेऊन आले आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून त्यांनी ते असं बुजवलं की चार पावसाळे थेंब आला नाही.

प्रकाश मस्कतला. तिथल्या कसल्याशा कंपनीच्या गोदामात. फोन महाग, पत्राला पंधरा-पंधरा दिवस, म्हणून त्याने ई-मेलचं काढलं आणि बापाला माझ्याकडे धाडलं. टपालाचं तिकीट नाही, पाकीट नाही, गोंद नाही, आणि पत्र मस्कतला पोचतं, ह्यावर आपांचा विश्वास बसायला पंधरा दिवस लागले. बसल्यावर मात्र असा बसला की कधी उठलाच नाही. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला आपा हजर. अर्ध्या तासाचे पैसे आधी देणार. उत्तर घरीच पेन्सिलने लिहून आणलेलं, म्हणजे दुकानात विचार करण्यात वेळ जायला नको. पेन्सिल का, तर खोडून तोच कागद पुन्हा वापरता येतो.

आलेल्या मेलचं प्रिंट त्यांनी कधी काढलं नाही. पाठ करायचे. पडद्यासमोर ओठ हलवत बसायचे, शाळेत कविता पाठ करतात तसे. मग घरी जाऊन पडवीत काकींना म्हणून दाखवायचे. काकी सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या, मी गडग्याअलीकडे कपडे वाळत घालता घालता ऐकायचे. प्रकाशच्या लकबीसकट, मध्ये तो कुठे हसला असेल तिथे हसून. पगारापासून कोणा मित्राच्या मुलीच्या दातांपर्यंत सगळं त्यात असायचं. आणि काय तो पाठांतराचा पल्ला! आपा अर्धा तास वाचून यायचे आणि पाऊण तास म्हणायचे. मला वाटायचं, बापाचं काळीज, पदरचं थोडं घालत असेल. घालू दे.

इंटरनेटवर चोऱ्या होतात असं न्हाव्याच्या दुकानातल्या वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हापासून तो पंचा आला. शिवाय इतर नियम. मागे कोणी उभं असेल तर बसायचं नाही. काम झालं की खातं बंद करायचं, मग खिडकी बंद करायची, मग मला विचारायचं, "पूर्ण बंद झाला मां?" मग पंचाने कीबोर्ड पुसायचा. मला वाटलं धूळ पुसतात. तर म्हणे, बोटांचे ठसे. मी कपाळाला हात लावला. पण एक सांगते, माझ्याकडे येणारी शिकलीसवरलेली मंडळी आपलं खातं उघडं टाकून उठून जायची आणि मी मागे लागून ते बंद करायची. आपांचं खातं एकदाही उघडं राहिलं नाही.

आपांना मुलं दोन. प्रकाश हे एक. दुसरी मुलगी, प्रकाशहून मोठी. तिचं नाव त्या घरात घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून मीही आत्ता घेत नाही. आता सांगते त्या गोष्टीच्या नऊ वर्षं आधी, कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हा, तिने कणकवलीला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला, जात वेगळी. आपांनी पडवीत उभं राहून चार माणसांत सांगितलं की मला एकच मुलगा आहे. कणकवली ती केवढी लांब, एसटीने दीड तास. पण नऊ वर्षांत ती इकडे आली नाही आणि हे तिकडे गेले नाहीत. भिंतीवरचा तिचा फोटो आपांनी उतरवला. आणि दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खिळ्याला छत्री अडकवली. मी बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "खिळो वाया जाऊक नको."

त्या दिवशी मला त्यांचा असा संताप आला की महिनाभर मी टीव्हीचा आवाज बारीक ठेवला.

असो. दोन हजार सातची गोष्ट. शनिवार होता. आपा शनिवारी कधी येत नसत, पण प्रकाशचा आदल्या गुरुवारचा मेल आला नव्हता म्हणून आले. पंचात गेले, बाहेर आले आणि तसेच बसून राहिले. मी पाहिलं तर चेहरा राखेसारखा. मला वाटलं मस्कतला काही बरंवाईट झालं. धावत गेले.

पडद्यावर इंग्रजीत एक मेल होता. तुमचं खातं अठ्ठेचाळीस तासांत कायमचं बंद होणार आहे, चालू ठेवायचं असेल तर नाव, जन्मतारीख आणि पासवर्ड उलट टपाली कळवा. खाली कोणा अधिकाऱ्याचं नाव आणि लफ्फेदार सही.

मी म्हटलं, आपा, ही शुद्ध फसवणूक आहे. असे मेल गावभर येतात. घराची किल्ली मागणारा चोर आहे हा. पुसून टाका. आपा म्हणाले, पासवर्ड तर ते ब्रह्मदेवालाही देणार नाहीत, तो प्रश्नच नव्हता. आयुष्यात प्रथमच मला त्यांच्या चिकटपणाचं कौतुक वाटलं. दुसरा कोणी असता तर घाबरून देऊन बसला असता. पण त्यांची भीती वेगळीच होती. तो मेल खरा असला तर? खरोखरच बंद झालं तर?

"तर दुसरं उघडू. फुकटच असतं."

फुकट ह्या शब्दावर आपा खुलले नाहीत असं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी विचारलं, "आनी आतले मेल?"

"ते जातील."

"सगळे?"

"सगळे."

मला त्यांची कीव आली. म्हटलं, एवढं वाटतं तर सगळ्यांचे प्रिंट काढून देते, पैसे देऊ नका. तर मान हलवली. का? तर प्रिंट काढताना मी वाचणार. आता मात्र मला लागलं. ह्या माणसाच्या मुलाच्या मुंजीत मी पंगती वाढल्या, आणि त्याचीच पत्रं मी वाचली तर ह्यांचं काय जाणार होतं? तरी म्हटलं, निदान पासवर्ड बदला. कोणी तुमच्या खात्याच्या मागावर असेल तर तेवढंच बरं. दोन मिनिटांचं काम.

"पासवर्ड बदलूचो नाय."

असे ओरडले की शेजारचा सोनार बाहेर आला. मी थक्क. का बदलायचा नाही? तर म्हणे, नवा लक्षात राहायचा नाही. अहो, ह्या माणसाला सालं आणि महिने घालून नारळाचे भाव पाठ! पाऊण तासाचे मेल पाठ! आणि एक शब्द लक्षात राहणार नाही? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बदलायचं नाही, प्रिंट काढायचं नाही, माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग आता रवळनाथालाच जाऊन सांगा राखणीला बस म्हणून.

मी हे चिडून म्हटलं होतं हो. आपा दारापर्यंत गेलेले थांबले. विचार केला. वळून म्हणाले, "नारळच लागता. तो घरचो आसा."

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. परक्या वाचकांसाठी सांगते. तुमची काही अडचण असली, आजार, कोर्टाचं काम, हरवलेली म्हैस, तर नारळ घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात जायचं. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून तुमची अडचण मोठ्या आवाजात देवाला सांगतो, आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. लोक आमची चेष्टा करतात, पण मन हलकं होतं हे खरं.

ते अठ्ठेचाळीस तास सोमवारी दुपारी संपत होते. सोमवारी सकाळी देवळात माणसं असतातच. आपा धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन आले. काकी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभ्या. मी दुकान उशिरा उघडायचं ठरवून गेले, कारण हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं होतं.

गाऱ्हाणं घालणारे बाळा गावकर. सत्तरीचे, आवाज असा की समुद्रावरच्या होडीला ऐकू जावा. आपांनी त्यांच्या कानात अडचण सांगितली आणि हातात एक चिठ्ठी दिली. बरोबर चार घड्या घातलेली. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. चिठ्ठीत पासवर्ड होता. देवाच्या पायाशी ठेवा म्हणाले. मी चक्रावले. म्हटलं, आपा, देवाला पासवर्ड कशाला? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "म्हस हरवली तर रंग सांगूचो लागता, शिंगा सांगूची लागतत. काय राखूचा ता देवाक कळाक नको?"

गावकरांनी चिठ्ठी मुठीत धरली आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराचा ई-मेलाचा खाता आसा म्हाराजा! त्या खात्यार चोराची नजर पडली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ई-मेल म्हणजे काय हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, पण चोर ठाऊक होता, म्हणून हा व्हय जोरात आला.

"त्या खात्याचो जो काय पासवर्ड आसा म्हाराजा..." असं म्हणून गावकरांनी मूठ उघडली, चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या आणि चष्मा नाकावर सरकवला.

आपांचा चेहरा पांढरा फटक पडला. गावकरांचाही दोष नाही. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. देवाला मुक्यानं दिलेलं पोचत नाही, तोंडानं सांगावं लागतं, असा त्यांचा शिरस्ता. आणि चिठ्ठीत काय असतं ते वाचायचंच असतं. आपांनी हात पुढे केला, पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये तोडत नाहीत, तो हात तसाच राहिला.

चिठ्ठी इंग्रजी अक्षरांत होती. गावकर अक्षरं लावून वाचायला लागले.

"एस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एच म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवा शप्पथ सांगते, पदर तोंडात कोंबून मी उभी होते. ज्या पासवर्डसाठी तीन वर्षं पंचाखाली घाम गाळला, तो एकेक अक्षराने अख्ख्या गावासमोर रवळनाथाला सांगितला जात होता आणि गाव एकेका अक्षराला साक्ष देत होतं. ए, आय, एल, ए. बी, ए, वाय. गावकरांनी चिठ्ठी जरा लांब धरली, ओठांतल्या ओठांत अक्षरं जुळवली आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हणजे शैलाबाय, म्हाराजा!"

कोणी व्हय म्हटलं नाही.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. शैला. आपांची मुलगी. आणि शैलाबाय तिला एकटे आपाच म्हणत. ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून, संध्याकाळी कचेरीतून येताना वाटेवरूनच, "शैलाबाय, बापूस इलो गो," अशी हाक यायची. ती मी गडग्याअलीकडून ऐकली होती. नऊ वर्षांत त्या घरातून ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं. आणि हा माणूस आठवड्यातून दोनदा, माझ्या दुकानात, पंचाखाली तोंड लपवून तेच नाव एका बोटाने लिहीत होता.

देवळात माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. सगळ्यांना सगळं माहीत होतं. गावकरांच्या हातात चिठ्ठी तशीच. आपा मान खाली घालून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"व्हय म्हाराजा."

काकी होत्या. खांबाला टेकलेल्या आता सरळ उभ्या राहिल्या होत्या. मग मीही म्हटलं. मग सगळं देऊळ म्हणालं. गावकर मुरलेला माणूस, त्यांनी चिठ्ठीत नसलेलं एक वाक्य पदरचं घातलं, जी लेकरा लांब गेली आसत त्यांका घराकडे हाड म्हाराजा, म्हणजे घरी घेऊन ये, आणि नारळ फोडला.

बाहेर आल्यावर आपा पायरीवर बसले. मला वाटलं आता माझी धडगत नाही, माझ्यामुळे हे झालं. पण ते भांडले नाहीत. आपणहून बोलले, माझ्याकडे न बघता. प्रकाशने तिला हा पत्ता दिला होता. तीन वर्षं ती लिहीत होती. प्रकाशचा एक मेल आला की तिचे दोन. ह्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. कसं देणार, चार माणसांत बोलून बसलेले. नुसते वाचत होते.

काकी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"प्रकाशाच्या मित्राच्या चेडवाक दात इले," काकी म्हणाल्या. "चेडू चलूक लागला. चेडवाक गोवर इलो. आता चेडू बालवाडीत जाता. मस्कतात बसान खंयचो दादलो मित्राच्या चेडवाचे दात बघता?"

आपांनी वर पाहिलं. मीही. पाऊण तासाचं पाठांतर कुठून यायचं ते मला तेव्हा कळलं. लेकीच्या मेलमधली नात हा बाप मुलाच्या मित्राच्या घरात नेऊन ठेवत होता आणि पडवीत बसून बायकोला तिची खबर देत होता.

"तुका ठावक होता?"

"पयल्या दिवसापासून."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

काकी म्हणाल्या, "मी बोललंय असतंय, तर तुमी वाचूचा बंद केलात असता."

मला तिथे उभं राहवेना. मी चपला शोधायचं निमित्त करून बाजूला झाले आणि पोटभर रडून घेतलं. मागून आपांनी हाक मारली. उद्या दुकान किती वाजता उघडतेस, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नवाला.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच गेले. दोघं आधीच बंद दारासमोर उभी होती. खातं अर्थातच शाबूत होतं, कोणी बंद केलं नव्हतं की चोरलं नव्हतं. पण पासवर्ड आता गावातल्या पोराटोरांनाही पाठ झाला होता, तो बदलायलाच हवा होता. आपा खुर्चीकडे निघाले, तर त्यांच्याआधी काकी बसल्या. संगणकासमोर जन्मात पहिल्यांदा. आपा शुद्ध मराठीत समजावू लागले की प्रथम या ठिकाणी दाबावं. काकी म्हणाल्या, "तुमी भायर उभे रवा." आणि आपा गेले बाहेर! मी कुठे लिहायचं ते दाखवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काकींनी काय पासवर्ड ठेवला, मला ठाऊक नाही. आपांनाही त्या दिवशी ठाऊक नव्हता.

मग मी त्यांना शैलाचा मेल उघडून दिला आणि उत्तर कुठे लिहायचं ते दाखवलं. लिहीत काकीच होत्या. बाहेरून आवाज आला, "लिवलंस काय गो?"

"लिवतंय."

"चेडवाचो गोवर बरो झालो मां, इचार. डाग रवले काय, इचार." थोडा वेळ गेला. "आनी तेच्या बापाशीक पण घेवन ये म्हणान लिव. फोटोवालो तो. तेकाय घेवन ये."

बाजार उघडत होता. माशांच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबल्या, सोनार दारात आला. आपांना त्याचं भान नव्हतं. रस्त्यात उभं राहून ते मोठ्याने पत्र सांगत होते. आत काकी एकेक अक्षर शोधत होत्या. ते एक वाक्य सांगायचे, आणि टक् टक् थांबेपर्यंत वाट बघून मगच पुढचं सांगायचे.